मनोविश्लेषण कीं वकिली?

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ सालीं लंडनमध्यें लेखिकेच्या नांवावांचून प्रसिद्ध झाली. डॉ. फ्रॉइड यांचा जन्म १८५६ चा. तरीहि त्यांच्या संप्रदायांतील कांहीं टीकाकार तिच्याविषयीं अशा थाटानें लिहितात, कीं त्यांच्या शास्त्राला उदाहरणें पुरविण्यासाठींच जणूं ती अवतरली! त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइननें ज्या विद्रूप प्राण्याला सजीव केलें, तो निराळा जीवच नव्हे; ती व्हिक्टरच्या नेणिवेंत कोंडलेली वासना होय. त्या प्राण्यानें व्हिक्टरचा धाकटा भाऊ, मित्र आणि नववधू यांना मारलें, म्हणजे व्हिक्टरचीच गुप्त इच्छा पुरी केली. ही उपपत्ति चतुर आहे यांत शंका नाहीं. पण ती या कादंबरीवर अन्याय करते, असें आम्हांस वाटतें.

प्रतिपक्षाचें बळ आधीं मान्य करूं. प्राण्यानें डोळे उघडतांच व्हिक्टर भयभीत होऊन पळतो व अंथरुणावर अंग टाकतो. त्याला स्वप्न पडतें: वाग्दत्त वधू एलिझाबेथ भेटते, आणि चुंबन घेतांच ती त्याच्या मृत आईचें प्रेत होते. ही आई एलिझाबेथची शुश्रूषा करतांना जडलेल्या तापानेंच गेली होती. स्वतः लेखिकेची आई तिच्या जन्मानंतर अकरा दिवसांत वारली. १८१५ सालीं तिचें पहिलें मूलहि गेलें, आणि शेकोटीपाशीं चोळतांच तें पुन्हां जिवंत झालें, असें स्वप्न तिनें रोजनिशींत नोंदविलें आहे. या शोकाकडे मनोविश्लेषणानें लक्ष वेधलें, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों.

परंतु व्हिक्टरला स्वप्न पडतें, म्हणून सगळी कादंबरीच त्याचें स्वप्न ठरत नाहीं. उत्तर ध्रुवाकडील बर्फांत, जहाजावर व्हिक्टर मरतो. त्यानंतर तो प्राणी तेथें येतो, आणि कप्तान वॉल्टन त्याला पाहतो, त्याच्याशीं बोलतो. स्वप्न पाहणारा गेल्यावर स्वप्न मागें उरून शोक करतें काय? शिवाय, कादंबरीच्या मध्यभागीं लेखिकेनें या प्राण्यालाच बोलावयास लावलें आहे. भिंतीच्या फटींतून एका कुटुंबाचें बोलणें ऐकून तो भाषा शिकतो. मिल्टन, प्लूटार्क व गटे यांचे ग्रंथ वाचतो. त्या घरांतील आंधळा वृद्ध त्याच्याशीं मायेनें बोलतो. डोळस मुलगा मात्र त्याला काठीनें झोडपतो. जो शिकतो, आशा धरतो आणि मार खातो, त्याला केवळ दुसऱ्याच्या मनाची सांवली म्हणणें हा त्या मुलाच्या काठीचाच सुशिक्षित प्रकार होय.

कोणी म्हणतील, ‘अहो, हें सारें प्रतीक आहे, तुम्ही शब्दशः काय घेतां?’ प्रतीकास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती त्याच्या आड दडविल्या जाणाऱ्या अपराधास. विल्यमच्या खुनाचा आळ जस्टिन या निरपराध मुलीवर येतो. खरा खुनी कोण, याविषयीं व्हिक्टरच्या मनांत संशय उरलेला नाहीं. तरी तो न्यायालयांत गप्प बसतो. कारण त्याची हकीकत ऐकून लोक त्याला वेडा म्हणतील. जस्टिन फांसावर जाते. येथें नेणिवेचा संबंध काय? हें मौन पूर्ण जागेपणीं, विचार करून राखलेलें आहे. व्हिक्टर आपल्या कर्माचा भार वारंवार दैवावर टाकतो. आमचे टीकाकार तोच भार नेणिवेवर टाकतात. आरोपीनें स्वतःसाठीं शोधलेली सबब त्यांनीं शास्त्राच्या मोहरेसह त्याच्या हातीं दिली आहे.

मनाचा तळ शोधणें चांगलें. पण तळ शोधतांना माणसानें उघड्या हातांनीं काय केलें, हें विसरतां कामा नये. व्हिक्टरनें एका जीवाला अस्तित्वांत आणलें, आणि त्याचें रूप आवडलें नाहीं म्हणून त्याच रात्रीं त्याला टाकलें. ज्याला आपण जगांत आणलें त्याचें आपण काय देणें लागतों, असा लेखिकेचा प्रश्न आहे. आई-बापांस तो कळावयास फ्रॉइडची गरज नाहीं, आणि फ्रॉइडचा आधार घेऊन तो टाळतांहि येणार नाहीं.