सूट किती रात्रींना, आणि कोणत्या हिशेबाने?

मुरूड, श्रीवर्धन, हर्णै या किनाऱ्यावर आपल्या समाजातील काही कुटुंबांनी घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. कित्येकांची आखातातील कमाई त्यात गुंतलेली आहे. बुकिंग आता मोबाइलवरून होते आणि बुकिंगचे सॉफ्टवेअर मालकाला विचारते : जास्त दिवस राहणाऱ्यास सूट किती? एअरबीएनबीवर ७ रात्रींपासून साप्ताहिक व २८ रात्रींपासून मासिक सूट ठेवता येते. इतर काही सॉफ्टवेअरांत तीन, पाच असे टप्पे आपले आपण पाडता येतात. घरातला एखादा मुलगा घाईत 'वीस टक्के' भरून मोकळा होतो. पुढे वर्षभर तो आकडा कोणी उघडून पाहत नाही.

सूट देण्यास आमचा विरोध नाही. कापडाचा व्यापारी पूर्ण थान घेणाऱ्याला मीटरचा भाव लावीत नाही, कारण मोजणी वाचते, तुकडा उरत नाही. खोलीचेही तसेच. एकच पाहुणा आठवडाभर राहिला तर चादरींची धुलाई, साफसफाई आणि दोन पाहुण्यांच्या मध्ये रिकामी जाणारी रात्र वाचते. ही बचत किती, हे आपल्या वहीत पाहावे आणि सूट त्यातून द्यावी.

आता हिशेब करू. खोलीचा भाव शुक्रवार व शनिवारच्या रात्री ३,००० रुपये, बाकी रात्री २,००० रुपये धरा. सात रात्रींचे १६,००० झाले. वीस टक्के सूट गेली, उरले १२,८००. त्यावर बुकिंग कंपनीच्या सभासदांसाठीची दहा टक्के सवलत आपण कधीतरी मान्य केलेली असते. दोन्ही एकावर एक लागू झाल्या तर ११,५२० राहिले. कमिशन पंधरा टक्के धरले तर हातात ९,७९२ रुपये, म्हणजे रात्रीला जेमतेम १,४००. ज्या शनिवारी खोली पूर्ण भावाने गेली असती, तो शनिवारही याच भावात गेला! म्हणून दोन सवलती एकत्र लागू होतात की एकच, हे आधी पाहावे. आठ दिवसांचे खोटे बुकिंग टाकून शेवटच्या पडद्यापर्यंत जाऊन पाहिले, आणि पैसे न भरता मागे फिरले, तरी उमगते.

दिवाळी, नाताळच्या सुट्ट्यांत खोल्या भरतातच. त्या तारखांना सूट बंद ठेवावी. पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जंजिऱ्याच्या होड्या बंद होतात, पर्यटक फिरकत नाहीत, आणि खोल्या नुसत्या ओलीने खराब होतात. तेव्हा घरून काम करणारा एखादा नोकरदार महिनाभर राहावयास आला तर त्यास भरघोस सूट देणे शहाणपणाचे. एरवीच्या दिवसांत आम्हांला सात रात्रींपेक्षा तीन रात्रींचा टप्पा अधिक कामाचा वाटतो. मुंबई-पुण्याची मंडळी शुक्रवारी येतात, रविवारी दुपारी निघतात. तीन रात्रींचे ८,००० होतात. दहा टक्के सोडले तर ७,२००. म्हणजे रिकामी जाणारी रविवारची रात्र १,२०० रुपयांना गेली. मात्र 'किमान तीन रात्री' अशी सक्ती करू नये. तसे केले की दोनच रात्रींसाठी येणारे कुटुंब शेजारच्या घरी जाते.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. काही सल्लागार मालकांना सांगतात की भाव २,००० चा २,५०० करा आणि वर वीस टक्के सूट दाखवा. पाहुणा २,०००च देतो, तुमचे काही जात नाही, असे त्यांचे म्हणणे. पैशाने जात नसेल. पण जी सूट दिलीच नाही ती दिल्याचे सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसविणेच. मापात कसूर करणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे, हे तराजू हाती धरणाऱ्या आपल्या लोकांना ठाऊक आहे. पडद्यावरचा भाव हा तराजूच आहे, असे आम्ही मानतो.

उरला प्रश्न मध्येच निघून जाणाऱ्याचा. सात रात्रींच्या सुटीच्या भावाने येऊन पाहुणा तिसऱ्या दिवशी निघाला तर काय? राहिलेल्या रात्रींना रोजचा पूर्ण भाव लावून बाकी परत करणे आम्हांला रास्त वाटते. परंतु बुकिंग कंपनीच्या रद्द करण्याच्या नियमांत ते बसते का, हे पाहून ती अट बुकिंगपूर्वीच मराठीत व इंग्रजीत लिहून ठेवावी. सामान गाडीत चढल्यावर उंबऱ्यात उभे राहून सांगितलेली अट कोणी मानीत नाही, आणि तिथे झालेले भांडण पुढे शेऱ्यांच्या रूपाने सगळे वाचतात.