निकालाशेजारी पटही छापा

कतरिना वादळाने २००५ साली अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स बुडाले. त्यानंतर लुइझियाना राज्याने शहरातल्या शंभराहून अधिक शाळा स्थानिक मंडळाकडून काढून घेतल्या आणि टप्प्याटप्प्याने चार्टर संस्थांकडे सोपवल्या. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, निकाल लागला नाही तर करार रद्द.

मुलांचे गुण वाढले, शालान्त उत्तीर्णांचे प्रमाणही वाढले, असे टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवले आहे. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच संशोधकांनी खर्चाचे खातेही उघडून पाहिले. तशाच इतर जिल्ह्यांच्या तुलनेत दर विद्यार्थ्यामागे खर्च १३ टक्के वाढला. प्रशासनावरचा ६६ टक्के वाढला आणि प्रत्यक्ष अध्यापनावरचा १० टक्के घटला. अनुभवी शिक्षक गेले, नवखे आले, पगार-भत्ते कमी लागले. तेव्हा ‘जास्त पैसा, जास्त गुण’ एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्गात कोण बसले आहे हा. न्यू ऑर्लिन्समधल्याच बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलमध्ये प्रवेशासाठीच परीक्षा द्यावी लागते. तिथला निकाल आणि येईल त्या मुलाला दाखल करून घेणाऱ्या शाळेचा निकाल एकाच यादीत लावून कोणती शाळा चांगली, हे ठरवता येत नाही. विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळा टाळतात, अशी तक्रार घेऊन २०१० मध्ये पालक न्यायालयात गेले. २०१५ मध्ये तडजोड झाली. दरम्यान, २०१२ पासून बहुतेक शाळांचे प्रवेश एकाच सामाईक अर्जाने होऊ लागले. पुढे अधिक गरजेच्या मुलामागे अधिक निधी देण्याची पद्धतही आली. माझ्या मते त्या शहराकडून घ्यायचे ते हेच : निकाल पाहताना वर्गात कोण बसले आहे, हेही पाहायचे.

आपल्याकडे चार्टर शाळा नाहीत, पण मुले गाळण्याची सवय आहे. नववीत कच्च्या ठरलेल्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवले जाते. मूल खासगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसते आणि शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फलक लागतो. अशा मुलाला न गाळता जो शिक्षक त्याच्यावर दोन वर्षे मेहनत घेतो, त्याच्यावरही हा अन्याय आहे.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : यंदाच्या निकालाच्या फलकावर टक्केवारीशेजारी आणखी दोन आकडे लिहा. याच तुकडीत नववीच्या सुरुवातीला पटावर किती मुले होती आणि त्यांपैकी किती आपल्याच शाळेतून दहावीला बसली.