कुलूप काढा, करार करा

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडमध्ये दुसरी परिषद भरवायची होती, पण मंडपासाठी जागा द्यायला एकही सवर्ण हिंदू तयार होईना. व्यापारीही माल विकेनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. अखेर फत्तेखान या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी आपली खाजगी जमीन दिली आणि २५ डिसेंबरला परिषद भरली.

ती जागा काही दिवसांपुरतीच हवी होती. तरी छोट्या गावात जागा मिळण्याचा आणि नाकारली जाण्याचा सगळा व्यवहार त्या प्रसंगात दिसतो. जागा असते, पण ती माणूस बघून दिली जाते. कायदा बदलला, काळ बदलला, तरी महाड-पोलादपूर पट्ट्यात खोली शोधणाऱ्याला भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जातं. मग पुढचे प्रश्न येतात: गाव कुठलं, लग्न झालंय का, एकटीच राहणार का, ओळखीचं कोण आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बहुतेक वेळा खोलीही नसते.

खोली शोधणारे तरी कोण असतात? महाड एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातली मुलं, एसटीचे चालक-वाहक, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका, जिल्हा परिषदेचे शिक्षक. शिक्षकांनी आणि आरोग्यसेविकांनी मुख्यालयी राहावं, असा सरकारचा नियम आहे. गावालाही तेच हवं असतं, कारण रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली तर नर्स गावातच असलेली बरी. पण त्याच गावात तिला खोली मिळत नाही आणि ती तालुक्याहून ये-जा करते. मग तिच्या गैरहजेरीबद्दल ग्रामसभेत तक्रार होते.

दुसरीकडे याच गावांत कुलूपबंद घरांच्या रांगा आहेत. पोलादपूरच्या डोंगरवस्त्यांमधून गिरण्यांच्या काळापासून माणसं मुंबईला गेली. पुढच्या पिढ्या ठाणे-डोंबिवलीत स्थिरावल्या, काही थेट परदेशात पोचल्या. गावचं घर मात्र सगळ्यांनी प्रेमानं नीट केलं. कौलं काढून स्लॅब घातला, फरशी बसवली, विजेचं मीटर घेतलं. ते घर गणपतीत उघडतं, शिमग्यात उघडतं आणि उरलेलं वर्ष वाळवीच्या ताब्यात असतं. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या नावावर असं एखादं घर असेल. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

घर भाड्याने का देत नाही, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, “कूळ लागेल.” ही भीती निराधार नाही, तिला इतिहास आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली आणि ते न्यायाचंच होतं. पण तो कायदा शेतजमीन कसणाऱ्यासाठी आहे. दोन खोल्यांत राहून सकाळी दवाखान्यात जाणारी परिचारिका कूळ होत नाही. करार फक्त घराचा करावा, परसातली बाग किंवा शेत त्यात घालू नये, एवढी काळजी पुरते.

दुसरं उत्तर गणपतीचं. चतुर्थीला सगळी भावंडं आली तर राहायचं कुठे? त्यासाठी सगळं घर द्यायची गरज नाही. देवघर आणि माजघर आपल्याकडे ठेवून पुढच्या दोन खोल्या स्वतंत्र दारासह देता येतात. गणपतीत अंगण आणि विहीर कशी वापरायची, हे आधीच कागदावर लिहून ठेवता येतं.

तिसरी अडचण भावकीची आणि तीच खरी अवघड. घर वडिलोपार्जित, वाटप झालेलं नाही, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर आजोबांचं नाव. अशा घरात एका भावाने परस्पर भाडेकरू ठेवला, तर दुसरा पुढच्या मे महिन्यात भांडण काढतोच. वारसनोंद आणि सगळ्यांची लेखी संमती यांना पर्याय नाही. घर भाड्याने द्यायचं ठरलं, तर वर्षानुवर्षं रखडलेलं हे काम निदान सुरू तरी होईल.

आता कागदाबद्दल. गावाकडे स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की काम झालं असं मानतात. ते पुरेसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती टाळली आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारात मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याचा मालकाचा मार्गही सोपा होतो. म्हणजे ज्या भीतीपोटी मालक कागद टाळतो, ती कागदानेच कमी होते.

भाडेकरूला तर कागदाची गरज त्याहून जास्त. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात घुसलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुरानंतर पंचनामा होतो, तेव्हा आपला संसार याच खोलीत वाहून गेला हे भाडेकरूने कशाच्या आधारावर सांगायचं? त्याआधी, २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ती जुनाट नव्हती, बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. म्हणून इथे खोली बघायला गेलेल्याने भाड्याइतकंच ठामपणे विचारलं पाहिजे की पुराचं पाणी कुठवर आलं होतं, मागच्या डोंगराला भेगा आहेत का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का. आणि मालकाने न चिडता खरं उत्तर दिलं पाहिजे.

परदेशातल्या मालकाला दोन गोष्टी जास्तीच्या कराव्या लागतात. एक, गावातल्या विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. दुसरी गोष्ट कराची. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूला साधारण ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारजमा करावा लागतो. खेड्यातल्या शिक्षिकेवर हा भार टाकणं बरं नव्हे. मालकाने आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला काढावा आणि भाडेकरूची कागदपत्रं भरून देण्याची सोय स्वतः करावी.

आपल्या मंडळाला यात करण्यासारखं बरंच आहे. महाड-पोलादपूरकडच्या सभासदांनी आपल्या बंद घरांची यादी करावी, कराराचा एकच मसुदा वकिलाकडून तयार करून घ्यावा आणि गावच्या शाळेला व आरोग्य केंद्राला कळवावं की या खोल्या उपलब्ध आहेत. मसुद्यासोबत एक अट सगळ्यांनी मान्य करावी: भाडेकरूची निवड करताना नोकरीचा दाखला आणि ओळखपत्र पाहायचं, जात आणि धर्म विचारायचा नाही. गणपतीत गावी जाणाऱ्यांनी याच वर्षी भावकीला एकत्र बसवून संमतिपत्रावर सह्या घ्याव्यात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी खोल्या तयार व्हायच्या असतील, तर एवढा अवधी लागेलच.