भोलानाथाला विचारलेला प्रश्न

नागपुरातील शाळांच्या स्नेहसंमेलनांत मंगेश पाडगावकरांचे, मीना खडीकरांनी संगीतबद्ध केलेले ‘सांग सांग भोलानाथ’ हे गीत आजही होते आणि पालक हमखास हसतात. त्यातील मूल सुटीची स्वप्ने पाहते, गणिताच्या पेपराला भिते. मोठ्यांना तो लाडिक कामचुकारपणा वाटतो. वस्तुतः ती शाळेविरुद्धची तक्रार आहे. घरात ऐकणारे कोणी नाही, म्हणून ती नंदीबैलापाशी करावी लागते.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत नापास न होण्याचे अभय दिले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने ती २०२३ साली स्वीकारली. शाळेचे अपयश पुन्हा मुलाच्या माथी! अशा वेळी सुखवस्तू घरातील स्वप्नाळू मुलाला शिकवणी लावतात, मजुराच्या मुलाला कामाला.

आणि तो नंदीबैल घेऊन फिरणारा नंदीवाला? त्याची जमात शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. दाराशी नंदीबैल आला की मीही मुलांच्या हाती नाणे देऊन त्यांना बाहेर पाठवीत असे. बैलामागून चालणाऱ्या पोराला, तू कोणत्या शाळेत जातोस, हे मी एकदाही विचारले नाही.