ताटं वेगळी केली, तपासणी मात्र नाही



मागच्या वर्षी आमच्या धाकट्या भाऊजींना फुप्फुसाचा टीबी निघाला. औषधं सुरू झाली आणि सासूबाईंनी त्याच दिवशी त्यांचं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. टीबी ताटा-पेल्यातून पसरतच नाही, तो पसरतो खोकल्यातून, हवेतून. निदान होण्याआधी दोन महिने भाऊजी खोकत होते, तेव्हा माझी चार वर्षांची पुतणी त्यांच्याच कुशीत, खिडक्या लावलेल्या खोलीत झोपायची. त्याचा विचार कुणी केला नाही.

आशाताई आल्या, तेव्हा सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "बाकी सगळे ठणठणीत आहेत." माझ्या थोरल्या लेकीला स्थळं बघणं चाललं होतं, म्हणून मीही गप्प बसले. हे कबूल करायला लाज वाटते.

ठणठणीत दिसणाऱ्याच्या शरीरातही जंतू वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. तेव्हा ना ताप, ना खोकला, आणि त्या माणसापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. बहुतेकांना पुढे काहीच होत नाही. पण ज्यांना आजार होतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो, आणि लहान मुलांमध्ये तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी आपण रोज पाणी गाळतो. न दिसणारं असतं, हे आपल्याला वेगळं कशाला सांगायला हवं?

शेवटी जाऊबाईंनीच कुणाला न विचारता आशाताईंना फोन केला. बरं केलं.

तपासणीत अवघड काही नाही आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम याबद्दल विचारतात, छातीचा एक्स-रे काढतात. हाताच्या कातडीत बारीकशी सुई देऊन दोन-तीन दिवसांनी ती जागा बघतात, किंवा रक्त तपासतात. 5 वर्षांखालच्या मुलांसाठी त्या चाचणीवाचून अडत नाही. आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात. ही खात्री आधी व्हायलाच हवी, कारण आजार असताना या अपुऱ्या गोळ्या दिल्या तर जंतू त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या कृपा करून घेऊ नका.

पुतणीला रोज एक, अशा सहा महिने गोळ्या दिल्या. सासूबाईंच्या चाचणीत संसर्ग निघाला, एक्स-रे स्वच्छ होता. त्यांना आठवड्यातून एकदा, असे 12 आठवडे औषध मिळालं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत होत्या. मग उपवासाचा प्रश्न आला. आमच्या डॉक्टरांनी एकाशनाचे दिवस विचारून गोळीचा वार ठरवून दिला. तुम्हीही आधी विचारा, मनानं गोळी सोडू नका. मळमळ वाढली, डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा.

स्थळांबद्दल माझं मत आता स्पष्ट आहे. खोकला लपवणाऱ्या घरापेक्षा सगळ्यांना तपासून घेणाऱ्या घरात लेक द्यायला मला जास्त धीर येईल. त्यानंतर आलेल्या पाहुण्यांना मी स्वतःच सगळं सांगितलं. एक घर मागे सरलं, दुसऱ्या घरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन दवाखान्याची वेळ विचारली.

सासूबाई पहिल्या गोळीनंतर घाबरून न्हाणीघरातून हाका मारत होत्या. लघवी लालसर झाली होती. तो त्या गोळीचाच रंग असतो, हे त्यांना सांगायचं मी विसरले होते.