दुखते किती, हे कोणी विचारावे?

कर्करोग बरा होण्याची आशा मावळली म्हणजे वैद्यकाचे काम संपले, हा समज अजून पुरता गेलेला नाही. हैद्राबादच्या रेड हिल्स भागातील मेहदी नवाज जंग कर्करोग संस्थेचे उदाहरण यासाठी मुद्दाम घेतो. १९५५ साली स्थापन झालेल्या या सरकारी रुग्णालयात उपशामक शुश्रूषेचा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचा, विभाग आहे आणि तेथे गोरगरीब रुग्ण येतात. अशा ठिकाणी औषधाआधीचे काम म्हणजे रुग्णाला नेमके काय होते आहे ते जाणून घेणे. वृद्धांच्या बाबतीत तेच सर्वांत अवघड.

सत्तरी ओलांडलेल्या आपल्याकडील माणसाला 'कसे वाटते?' विचारावे, तर 'ठीक आहे' एवढेच उत्तर मिळते. मुलाच्या खिशाला झळ नको, सुनेची झोपमोड नको. शिवाय भोग आहेत, ते भोगूनच संपवायचे, ही समजूत. बहुधा उत्तर मुलगाच देऊन टाकतो आणि डॉक्टरही त्याच्याकडेच पाहून बोलतात.

कॅनडातील एडमंटन येथे एदुआर्दो ब्रुएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली यावर एक साधी प्रश्नावली मांडली. वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, अन्नावरची वासना, धाप, खिन्नता, धास्ती आणि एकंदर स्वास्थ्य अशा नऊ गोष्टींना रुग्णाने स्वतः शून्य ते दहा आकडा द्यावयाचा. परंतु अक्षरओळख नसलेल्या तेलुगू, उर्दू वा मराठी आजींना असा आकडा काय सांगणार? रुपयात किती आणे दुखते, असे विचारले तर कदाचित चटकन उमगेल! मॉर्फिनने वेदना आवरते, पण मलावरोध जडतो. तो या नऊत नाही, आवर्जून विचारावा लागतो. निपचित पडलेला म्हातारा शांत झोपला आहे असे घरच्यांस वाटते. प्रत्यक्षात तो भ्रम असू शकतो, आणि जंतुसंसर्ग किंवा औषधाची चुकलेली मात्रा हे त्याचे कारण असल्यास त्यावर उपायही असतो. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्या कपाळावरील आठ्या, कण्हणे, कूस वळवताना आखडणारे अंग, हेच वाचावे लागते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन रुग्णालयांतूनही दुर्मिळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता पुष्कळसा सुटला. औषधाची वाट मोकळी झाली, तरी वेदना किती हेच ठाऊक नसेल तर मात्रा ठरवायची कशी?

आमच्या किनारपट्टीवर लोटली येथे शांती अवेदना सदन आहे. पण मुले मुंबईस किंवा आखातात आणि आईवडील गावच्या घरात, अशा कुटुंबांतील रुग्ण तेथवर पोचणार कसे? प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकांना ही प्रश्नावली स्थानिक बोलीत शिकवावी, घरभेटीत नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून रुग्णाशी बोलण्याची मुभा त्यांना असावी, आणि ताप व रक्तदाबाबरोबर वेदनेचा आकडाही कागदावर लिहिला जावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, यंत्रही लागत नाही. आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढले तरी आरंभ होईल.