मातीची परीक्षा

पूर आला की आपण सारे एकच प्रश्न विचारतो : पाणी किती चढले? बांध कोणत्या मातीचा आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. मला विचाराल तर, वाचकहो, हा दुसरा प्रश्नही पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मुलांनी अंगणात केलेला दिवाळीचा किल्ला पाहा. चिकण माती नीट मळून, थापून केलेल्या बुरुजावर तांब्याभर पाणी ओतले तरी फारसे बिघडत नाही. वाळूच्या बुरुजावर तेच पाणी ओता, तो जागच्या जागी बसतो. नदीकाठच्या बांधाचे शास्त्र याहून फार निराळे नाही.

पाणी माथ्यावरून वाहू लागले म्हणजे बांध लगेच फुटतो असे नाही. ते पलीकडच्या उतारावर आपटते, तेथे पायरीसारखा कडा पडतो आणि तो ढासळत ढासळत मागे नदीकडे सरकतो. अलीकडच्या कडेला पोहोचला की खिंडार पडलेच! याला वेळ किती लागेल, हाच खरा हिशेब.

अमेरिकेत ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे सरकारी शेती-संशोधन प्रयोगशाळेत ग्रेग हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सुटसुटीत परीक्षा बसवली. मातीवर पाण्याची धार सोडायची आणि खड्डा किती वेळात किती खोल जातो ते मोजायचे. त्यावरून दोन गोष्टी कळतात : किती जोरापर्यंत माती पाण्याला दाद देत नाही, आणि त्यापुढे ती किती वेगाने झिजते. गंमत अशी, की एकच माती योग्य ओलाव्यावर चोपली किंवा कोरडी चोपली, तर झिजेचा वेग शेकडो पटींनी बदलू शकतो! तेथेच पुरुषभर उंचीचे बांध घालून वरून पाणी सोडले, तेव्हा रेताड बांध तासाभरात फुटला. चिकण मातीचा कितीतरी तास टिकला.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्सला हीच परीक्षा घेतली. शहराच्या पूर्वेकडील जहाजी कालव्याकाठी, उपसलेला वाळू-शिंपल्यांचा गाळ टाकून घातलेले बांध लांबच लांब वाहून गेले. नीट चोपलेल्या चिकण मातीचे कित्येक बांध मात्र वरून पाणी जाऊनही उभे राहिले.

अशा वेळी एकेका तासाचे मोल काय, हे पुणेकरांना सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्याच दिवशी शहरातील पेठा पाण्याखाली गेल्या.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : पावसाळ्यापूर्वी बांधाची उंची मोजणाऱ्यांनी त्याची मातीही तपासावी, आणि तीही जागोजाग. मैलभर बांध उत्तम असला, तरी मधली दहा हात माती रेताड निघाली तर पाणी नेमके तेथूनच वाट काढते. हाताशी तीन तास आहेत की अर्धाच तास, हे आधी कळले, तर म्हातारीकोतारी माणसे आणि लेकरेबाळे वेळेवर हलवता येतात.